चार हजार स्क्रीनशॉट आणि एक कोरं पान

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकचे, वय सत्तावीस. एका जाहिरात कंपनीत दिवसभर पोस्टरं आणि सणासुदीच्या शुभेच्छांच्या पोस्टी करतात. रात्री जेवणं आटोपली की स्वतःचं काहीतरी काढावं म्हणून बसतात. आवडलेल्या चित्रांचे चार हजारांवर स्क्रीनशॉट फोनमध्ये आहेत, आठवड्याला दोन-तीन चांगले सिनेमे बघून होतात, तरी कागद समोर आला की हात चालत नाही. चाललाच, तर उमटतं ते आधी कुठंतरी पाहिलेलं. ‘रोज प्रेरणा मिळावी म्हणून काय बघू? चित्रकार, इलस्ट्रेटर आणि सिनेमे यांची यादी द्याल का?’ आणि जाता जाता, स्केचबुक कुठलं घ्यावं?

मी पुण्यात चोवीस वर्षं याच कामात आहे. दिवाळी अंकांची कथाचित्रं, मुलांची पुस्तकं, मुखपृष्ठं, आणि मधल्या काळात घर चालवायला कॅलेंडरं, पत्रिका, पडेल ते. यादी मी देणार नाही. हात आखडता घेतेय असं समजू नका. चार हजारांत आणखी चाळीस घातले तर तुमचं काय होणार आहे? तुम्हाला बघायला कमी पडत नाहीये. बघितलेलं अंगी लागत नाहीये. पोट बिघडलेल्या माणसाला आणखी चार पदार्थांची नावं सांगण्यात अर्थ नसतो.

आधी एक गोष्ट कबूल करते. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला दिसत नाही. दहा तास क्लायंटसाठी माउस फिरवून रात्री अकराला हात चालत नसेल, तर तो निव्वळ थकवा असू शकतो. त्यावर कुठलाही चित्रकार इलाज नाही, झोप आहे. मी स्वतः नोकरीत होते ती साडेतीन वर्षं रात्री काढायचं सोडून दिलं होतं. सकाळी दूध तापेपर्यंतची वीस मिनिटं माझी. तेवढ्यानं भागलं. दुसरं म्हणजे तुम्ही शिकायला लागून किती वर्षं झाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं असतील तर दुसऱ्याचं उमटणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गाण्यातला शागीर्दही सुरुवातीला गुरूचा गळाच काढतो. फक्त ती नक्कल वहीत ठेवायची, खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहायचं आणि स्वतःची म्हणून मिरवायची नाही.

हे का सांगते, तर मी त्यात तोंडघशी पडलेय. कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. एका दिवाळी अंकाच्या कथेसाठी मी खिडकीशी पाठमोरी बसलेली बाई काढली होती. डाव्या कोपऱ्यात बाई, उरलेलं पान मोकळं, आणि पडद्याची एकच सुरकुती तिच्या मानेपर्यंत आलेली. मला फार आवडलं होतं ते. संपादक मितभाषी गृहस्थ. त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं, कपाटातून एक जुनं परदेशी मासिक काढलं, पान उघडून शेजारी ठेवलं आणि चहा सांगितला. एवढंच. पडद्याच्या सुरकुतीसकट तेच चित्र. मी शपथेवर सांगितलं असतं की ते मी कधी पाहिलेलं नाही. घरी आले तर माझ्याच टेबलासमोरच्या बोर्डावर त्याची झेरॉक्स टाचलेली. तीन महिने. रोज दिसून दिसून ती दिसेनाशी झाली होती आणि हातात जाऊन बसली होती.

त्या दिवसापासून मी एक भेद करायला लागले. चित्र बघून त्यातलं चित्र उचलता येतं किंवा त्या चित्रकाराचा निर्णय उचलता येतो. चित्र उचललं की चोरी दिसते. निर्णय उचललात तर तो तुमच्या मजकुरात, तुमच्या माणसांवर, तुमच्या हातानं पुन्हा घ्यावा लागतो आणि तोवर त्याचं रूप पार बदललेलं असतं. स्क्रीनशॉटमध्ये मात्र फक्त चित्र येतं. अंगठा वर सरकवताना निर्णय दिसत नाही, तो दिसायला एका चित्रापाशी वेळ काढावा लागतो.

उदाहरण देते, नाहीतर हे हवेत राहील.

२०१८च्या डिसेंबरात केरळात कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, सुरू झालं. मी सुट्टी काढून गेले होते. मट्टनचेरीच्या एका जुन्या गोदामात विल्यम केंट्रिज या दक्षिण आफ्रिकी चित्रकाराचं काम होतं. अंधार, ओळीनं लावलेले मोठमोठे पडदे आणि त्यांच्यावरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चाललेली मिरवणूक. पुढं ब्रास बँड, मागं डोक्यावर काहीबाही घेतलेली माणसं, सलाइनचे स्टँड ओढत चाललेले रोगी, नाचणारे सांगाडे. सगळ्या काळ्या आकृत्या, मागं कोळशानं काढलेलं उजाड माळरान. पंधराएक मिनिटांचं काम. मी ते तीनदा पाहिलं. पहिल्यांदा अर्थातच दिवे घाटातली पालखी डोळ्यांपुढं आली. मराठी माणसाला दुसरं काय आठवणार? पण तेवढ्यावर निघाले असते तर परत येऊन मी एक काळ्या आकृत्यांची दिंडी काढली असती आणि ती केंट्रिजची उष्टी दिंडी झाली असती.

तिसऱ्यांदा बघताना माझं लक्ष माणसांवरून मागच्या कोळशावर गेलं. हा माणूस १९८९पासून कोळशाच्या चित्रांचे छोटे चलच्चित्रपट करतोय आणि त्याची रीत अगदी साधी आहे. एरवी अॅनिमेशनला प्रत्येक हालचालीसाठी नवं चित्र लागतं. हा एकच कागद भिंतीला लावतो, कोळशानं काढतो, कॅमेऱ्यापाशी जाऊन फ्रेम टिपतो, परत येऊन थोडं पुसतो, थोडं नवं काढतो, पुन्हा कॅमेऱ्यापाशी. कोळसा पूर्ण पुसला जात नाही. त्यामुळं हात हलला तर आधीच्या हाताचा राखाडी डाग मागं राहतो. दुसरा कुणी असता तर त्यानं ते डाग लपवले असते. यानं ठरवलं की पुसलेलं दिसू द्यायचं. हा झाला निर्णय. कोळसा पुसला जात नाही ही अडचण, आणि त्यानं तिलाच कामाला लावलं, कारण त्याची चित्रं मुळात पुसून टाकलेल्या गोष्टींबद्दलच असतात.

पुढल्या वर्षी माझ्याकडं एक कथा आली, धरणाखाली गेलेल्या गावातल्या म्हातारीची. ती नव्या वसाहतीतल्या घरात वावरते, पण पावलं जुन्या घराच्या हिशोबानं टाकते. चूल जिथं होती तिथं आता भिंत आहे. मी आधी जुनं घर काढलं, सगळं, फडताळासकट. मग ते खोडरबरानं पुसलं, अर्धवट. आणि त्याच कागदावर नवं घर काढलं. म्हातारी दोन्ही घरांत एकदमच उभी. छापखान्यातून फोन आला, ‘मॅडम, ओरिजनल खराब झालंय का? मागं डाग दिसतायत.’ दाद म्हणून मला तेवढं पुरलं. त्या चित्रात मिरवणूक नाही, आफ्रिका नाही, काळी आकृतीही नाही. कोचीहून मी काय आणलं, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

सिनेमाचं थोडं वेगळं आहे, कारण सिनेमा तुम्हाला थांबूच देत नाही. तुम्ही आठवड्याला तीन बघता. मी म्हणेन, एक बघा. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून, दिवा मालवून, वही-पेन्सिल लांब ठेवून. दुसऱ्या दिवशी त्यातली फक्त दहा मिनिटं, आवाज बंद करून. त्यातल्या सहा फ्रेम थांबवा आणि काडेपेटीएवढ्या सहा चौकोनांत काढा. रेषा नको. फक्त तीन छटा: पांढरा, करडा, काळा. पेन्सिल मऊ घ्या, सिक्स-बी वगैरे, म्हणजे बारकाव्यात शिरताच येणार नाही. नाक-डोळे काढायला लागलात की समजा, चुकलं.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’वर मी हे केलंय. २०१४चा सिनेमा, बहुतेकांनी पाहिलेला. त्यातला कॅमेरा बराचसा एका जागी, लांब उभा असतो. बघताना मला ते ‘वास्तववादी’ वाटलं होतं, म्हणजे काहीच कळलं नव्हतं. चौकोन काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की बोलणारा माणूस चौकटीत सगळ्यात मोठा नाहीये. खोली मोठी आहे, भिंती आहेत, आपल्या नंबराची वाट बघणारी माणसं आहेत, आणि ज्याच्यावर खटला चाललाय तो त्यातलाच एक. माझ्या तीन छटांत तर तो शोधावा लागत होता. कुणाकडं बघायचं हे कॅमेरा सांगत नाही, ते आपल्यावर सोडतो.

हा निर्णय मी कुठं वापरला? पहिलीच्या मुलांच्या एका पुस्तकात. वर्गाचं चित्र हवं होतं. एरवी मी बाईंना मधोमध मोठं काढलं असतं. या वेळी मागच्या बाकाच्याही मागं जाऊन वर्ग काढला. बाई फळ्यापाशी अंगठ्याएवढ्या, आणि पुढं बेचाळीस मुलं. एक शेंबूड पुसतोय, एक बाकाखाली खडू शोधतेय, दोघं खिडकीबाहेरचं माकड बघतायत. प्रकाशिका म्हणाल्या, मुलं त्या पानावरून पुढं सरकतच नाहीत. न्यायालयाच्या सिनेमातून बालवाङ्मयात आलेलं ते पान आहे. असं लांबचं उचललेलं लवकर पचतं, असा माझा अनुभव आहे. इलस्ट्रेशनसाठी इलस्ट्रेशनच बघत राहिलात तर चित्र आणि निर्णय वेगळे काढणं फार अवघड जातं. म्हणून मी स्वतः हाती काम असताना दुसऱ्या इलस्ट्रेटरचं काहीही बघत नाही. सिनेमा चालतो, शिल्प चालतं, भांड्यांचं दुकान चालतं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कमी बघा, जास्त वेळ बघा, हातानं बघा, आणि शक्यतो आपल्या धंद्याबाहेरचं बघा. जे आवडलं त्याखाली ‘मस्त’ लिहू नका, ‘इथं यानं काय ठरवलं आणि का’ हे एका वाक्यात लिहा. वाक्य जमलं नाही तर तुम्हाला ते चित्र अजून दिसलेलं नाही. आणि तुमच्या स्क्रीनशॉटांतली बरीचशी चित्रं आता यंत्रानं बनवलेलीही असतील. त्यांच्याबाबतीत हे वाक्य लिहून बघा, गंमत कळेल. तिथं कुणी काही ठरवलेलंच नसतं, नुसती सरासरी असते.

आता तुमच्या नोकरीबद्दल. तुमच्या प्रश्नात एक सूर आहे, की दिवसभराचं काम ही वेळेची नासाडी आणि खरं काम रात्री. मला हे पटत नाही. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात २००५पर्यंत रेडिऑलॉजिस्ट होते. दिवसभर एक्स-रे बघायचे आणि ठाण्याचे रस्ते, लोकल, कष्टकरी माणसांची शरीरं रंगवायचे. व्यंगचित्रकार वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि तरीही दिवाळी अंकांची मुखपृष्ठं दशकानुदशकं करत राहिले. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात त्यांच्या डायऱ्या मांडल्या होत्या. मी कॅनव्हासांपेक्षा त्या डायऱ्यांपुढं जास्त वेळ उभी होते. घड्याळ, झाडाचं पान, फळ अशा घरातल्याच वस्तू, आणि शेजारी मराठीत स्वतःशी घातलेला वाद. तुम्ही शुभेच्छांच्या पोस्टी करता ना? मग एकाच गुढीची किंवा एकाच पणतीची कितवी आवृत्ती तुम्ही केलीत? तिच्यात क्लायंटला न कळेल असा एक निर्णय घालून बघा. पगारी सराव दुसरीकडं मिळत नाही.

मुंबईला जाणं झालं तर जहांगीर आर्ट गॅलरीत जरूर जा. १९५२पासून ती दारं उघडी आहेत आणि आत जायला पैसे पडत नाहीत. पण सगळी दालनं बघायची नाहीत. एक फेरी मारा, एक चित्र निवडा (न आवडलेलं निवडलंत तर उत्तमच), आणि वीस मिनिटं त्यापुढं उभे राहा. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो, मग मोबाइलची आठवण होते, आणि साधारण बाराव्या मिनिटाला काहीतरी दिसायला लागतं. पूर्वी नंतर तिथल्याच सामोवार कॅफेत चहा प्यायचा आणि त्याच चित्रावरून भांडायचं, अशी सोय होती. २०१५ला ते बंद झालं, त्याची हळहळ मला अजून आहे.

पण त्यासाठी मुंबईचीच वाट धरायला हवी असं नाही. तुम्ही नाशिकचे, म्हणून एक आठवण करून देते. भारतातला पहिला कथापट काढणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, फोटोग्राफी आणि छपाईत मुरलेले. १९११ साली त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या डोळ्यांपुढं राम आणि कृष्ण यायला लागले. ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या पुढची जास्त महत्त्वाची वाटते. त्यानंतर ते महिनोन्महिने मिळेल तो सिनेमा बघत सुटले, डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जायची वेळ आली. आणि इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा ना राम टिपला ना कृष्ण. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं, महिनाभराहून जास्त, कॅमेऱ्यानं टिपत राहिले. पैसे लावणाऱ्यांना आधी ते दाखवलं. त्या आधीच्या महिन्यांत ते तुमच्यासारखेच भसाभसा बघत होते. हात चालायला लागला तो त्या एका रोपापाशी.

तेव्हा तुम्हाला एक नेमून दिलेलं काम देते, महिन्याभराचं. गोदाघाटावर बुधवारी बाजार भरतो. चार बुधवार तिथं जा, नोकरी सांभाळून अर्धा तास जमलं तरी चालेल. दर वेळी तीच जागा, तीच एक भाजीवाली. एकच मोठा कागद आणि कोळसा. ती हलली की पुसा आणि नव्या जागी काढा, गिऱ्हाईक आलं की काढा, गेलं की पुसा. पुढच्या बुधवारी कोरा कागद घ्यायचा नाही, तोच पुढं चालवायचा. चौथ्या बुधवारी तो कागद चांगलाच मळलेला असेल आणि भाजीवाली तुम्हाला नावानं ओळखत असेल. या चार आठवड्यांत फोनमधला तो फोल्डर उघडू नका. पुसून टाका म्हणत नाही, माझ्याच्यानं माझा पुसला जात नाही.

आणि हे जमलंच नाही तर? माझंही दर वेळी जमत नाही. मागच्या पावसाळ्यात सहा आठवडे मी एक रेघ मारली नाही. सासूबाई आजारी होत्या, डोकं दवाखान्यात होतं. तेव्हा कुठलीही युक्ती चालली नाही आणि मी चालवायचा प्रयत्नही केला नाही. त्या बऱ्या होऊन घरी आल्यावर पलंगावर बसून मटार सोलायला लागल्या, तेव्हा त्यांचे हात काढले.

स्केचबुकाचं विचारलंत. महागडं घेऊ नका, त्यात चांगलंच काढायचं दडपण येतं. मी शंभर पानी शाळेची वही वापरते, एकरेघी. रेघांमुळं चित्र आपोआप थोडं खराब दिसतं आणि कुणाला दाखवायची इच्छा होत नाही. कोळशासाठी मात्र खरखरीत कागद लागेल. स्टेशनरीच्या दुकानात कार्ट्रिज पेपर मागा, मोठा तावच घ्या, आणि बाजारात न्यायला मागं हार्डबोर्डचा तुकडा अन् दोन चिमटे. वरून फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पक्का करणारा फवारा, मारायची घाई नको. चौथा बुधवार होऊन जाऊ द्या.